शिरपूरच्या मळ्यातला ‘दहा पायांचा कोळी’

ताई, शिरपूरच्या मळ्यात रात्री दिव्याखाली धावत आलेला, दहा पायांचा दिसणारा कोळी कोणता आणि तो विषारी आहे का, असं तुम्ही फोटो देऊन विचारलंय. कुणीतरी त्याला टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी म्हटलंय, ते मला पटत नाही.

फोटोत पोट नीट बघा. त्यावर आडव्या वळ्या आहेत आणि कंबर जाड आहे. आपल्याकडच्या कोळ्यांचं पोट गुळगुळीत, एकसंध असतं आणि बारीक देठाने पुढच्या भागाला जोडलेलं असतं. हा कॅमल स्पायडर. वर्ग कोळ्याविंचवांचाच, पण गण वेगळा: सॉलिफ्यूगी. पाय आठच, पुढचे दोन लांब अवयव हे स्पर्शपाद, त्यांच्या टोकाच्या चिकट गादीने तो भक्ष्य धरतो. डोळे डोक्यावर मधोमध दोनच, कोळ्यांना बहुधा आठ असतात. तो जाळं विणत नाही, कारण रेशीमच बनवत नाही.

पक्की खूण मात्र खालून दिसते: पायांच्या चौथ्या जोडीच्या बुडाशी रॅकेटसारखे छोटे अवयव. पुन्हा दिसला तर काचेच्या बरणीत ठेवून खालून फोटो काढा आणि सोडून द्या. मारू नका हो! वाळवी, किडे खाणारा प्राणी आहे. विषग्रंथी त्याला नसतात, पण जबडे भारी ताकदीचे, तेव्हा हाताने धरू नका.

अंगकाठीवरून मला हा सॉलिफ्यूगींमधल्या गॅलिओडीस गटातला वाटतो. त्यातली नेमकी प्रजाती मात्र फोटोवरून कोणी सांगू नये. त्यासाठी नराच्या जबड्यावरचा केसासारखा अवयव आणि दातांची रचना भिंगाखाली तपासावी लागते.