डीएक्सएफवरून जी-कोड केला की मशीन कापण्यापेक्षा हवेतच जास्त फिरतं

कुडाळचा_राउटर:
नमस्कार मंडळी, गणपती जवळ आलेत, एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली शीट) मखरांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरवरून चालणारं कापायचं मशीन) कापतो. जाळी इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो, डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) करून कॅममध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनच्या चालींच्या सूचना (जी-कोड) बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो, त्या सूचना वाचून मशीन चालवणारा कंट्रोलर जीआरबीएल. पण बिट (कापणारं पातं) एक भोक इकडे कापतं, उचलून शीटच्या पार त्या टोकाला जातं, परत इकडे, काही रेषा दोन-दोनदा कापतं आणि वेलबुट्टीच्या गोलाईत अडखळत चालतं, तिथे एमडीएफ करपतं. फीड (कापायचा वेग) वाढवून पाहिलं, काही फरक नाही. काय करू?

देवगडवाला:
फीड सोड रे, आधी ड्रॉइंग साफ कर. स्क्रीनवर एक आकार दिसतो पण डीएक्सएफमध्ये तो सुट्या तुकड्यांचा असतो, कॅमला प्रत्येक तुकडा वेगळा कट वाटतो म्हणून दर वेळी बिट वर-खाली. ऑटोकॅड असेल तर ओव्हरकिल कमांड मार, एकावर एक बसलेल्या रेषा जातील, मग पीएडिट कमांडने तुकडे जॉइन कर. नसेल तर इंकस्केपमध्येच नोड (रेषांची टोकं) जोड.

लाकूडकाम_सावंतवाडी:
वरचं बरोबर आहे, पण क्रम पण बघा दादा. आतली भोकं आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, नाहीतर तुकडा सुटून हलतो आणि आतलं नक्षीकाम वाया जातं, कडेला टॅब (न कापलेले छोटे जोड) पण ठेवा. आणि सगळ्यात छोटा मार्ग शोधायच्या मागे लागू नका, नुसत्या १५ भोकांचे क्रमच १.३ लाख कोटींच्या वर होतात! जवळचं भोक आधी घ्यायचं, मग जिथे हवेतल्या फेऱ्या एकमेकींना छेदतात तिथे क्रम उलटवायचा, एवढ्यात भरपूर वेळ वाचतो. फक्त नुसतं 'जवळचं आधी' लावलं तर सॉफ्टवेअर मधेच बाहेरची कड कापून टाकेल, म्हणून आतलं एका लेयरवर, बाहेरचं दुसऱ्यावर.

मालवण_सीएनसी:
अडखळण्याचं कारण वेगळं आहे. वक्र रेषेचे बारीक बारीक सरळ तुकडे होतात, जीआरबीएल पुढच्या साधारण १६ चालीच बघतं, त्या अगदी छोट्या असल्या की थांबायला जागा उरावी म्हणून वेग आपोआप पाडतं. टॉलरन्स (मूळ वक्रापासून किती हललं तर चालेल ते) ०.०५ मिमीच्या आसपास ठेव, जमेल तिथे जी२-जी३ (गोल चालीच्या सूचना) वापरून चाप काढ. सेफ हाइट (हवेत फिरताना बिट किती वर उचलायचं ते) पण बघ, उगाच २० मिमी उचलत असशील तर ५ पुरे, पण पावसात शीट ओल धरून वाकते आपल्याकडे, त्याच्या खाली नको जाऊस.

कुडाळचा_राउटर:
भोकाच्या आत अजून एक कापायचा आकार असेल तर लेयर कसे करू?

लाकूडकाम_सावंतवाडी:
जेवढं आत तेवढं आधी. जेवढे थर तेवढे लेयर, आणि 'जवळचं आधी' फक्त त्या-त्या लेयरपुरतंच लावा.