कोरेल सोडून इंकस्केपवर लग्नपत्रिका निघतील का?

प्रश्न
सोलापुरात आमचं पत्रिका छापायचं दुकान आहे, पत्रिका मीच लावते. आजवर कोरेल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी वापरली. कुठूनतरी आणलेल्या त्या क्रॅकमधून (लायसन तोडणाऱ्या प्रोग्रॅममधून) व्हायरस शिरला आणि ऐन लग्नसराईत तीन दिवस कॉम्प्युटर बंद. आता चोरीचं नको, आणि दोन कॉम्प्युटरला विकत घेणं झेपत नाही. म्हणून त्याच कामाचं फुकट सॉफ्टवेअर, इंकस्केप, टाकलं. कोरेलची जुनी सीडीआर फाइल उघडली, गणपती आला, तोरण आलं, पण ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस! पूर्व भागातल्या पत्रिका मराठी-तेलुगू, अक्कलकोटकडच्या मराठी-कानडी. नाव चुकलं तर लोकांच्या कार्यात विघ्न. काय करू, सांगा की.

उत्तर १
ताई, दोष इंकस्केपचा नाही, जुन्या फॉन्टचा आहे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी वळणं बसवलेली असतात. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. जुना मजकूर दुरुस्त करत बसू नका, नावं तशीही दर पत्रिकेला बदलतात. चौकट आणि गणपती ठेवा, मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचं घर देणाऱ्या पद्धतीत) नव्याने टाइप करा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा बालू फॉन्ट फुकट आहे, छपाईच्या धंद्यातही चालतो. कानडीला बालू तम्मा, तेलुगूला बालू तम्मुडू. तिन्ही लिप्या एकाच वळणाच्या दिसतात.

उत्तर २
ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरच्या छपाईला, देणार असाल तर एवढ्यावर थांबू नका. इंकस्केप पडद्याच्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा) रंगांत काम करतं, छपाईला सीएमवायके, म्हणजे चार शायांचा हिशेब लागतो. मजकुराचे पाथ (अक्षरांच्या रेषाकृती) करून इंकस्केपची एसव्हीजी फाइल स्क्राइबस या पानं लावायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घ्या, तिथून पीडीएफ काढा. स्क्राइबस १.६ च घ्या, २०२४ ची आवृत्ती. जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं फुटतात, पुढे तिथेच काही टाइप करायचं झालं तर अडाल. आणि काळा रंग फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के ठेवा. चार शाया मिसळून काळा केला तर प्लेट जराशी सरकली तरी बारीक अक्षराला रंगीत कडा येते. 

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल एक मराठी-तेलुगू पत्रिका लावली. तेलुगू मला वाचता येत नाही, म्हणून वधूच्या आजोबांना दुकानात बसवून एकेक ओळ वाचून घेतली. एक वेलांटी राहिली होती, ती त्यांनीच दाखवली. काळा तुम्ही सांगितला तसाच ठेवला, ‘चि.सौ.कां.’मधला बारीक टिंबसुद्धा स्वच्छ उठला. जुन्या फाइलींतल्या चौकटी आता रोज रात्री चार-चार काढून ठेवतेय.