आधी चारही पंखे काढा

थ्रॉटल देताच तुमचा ड्रोन जागच्या जागी उलटतोय, तर पीआयडीला (ड्रोन स्थिर ठेवणाऱ्या सेटिंगला) हात लावू नका. बहुतेक वेळा मोटरचा क्रम, दिशा किंवा पंखे चुकलेले असतात. पंखे काढा, मगच बॅटरी जोडा. बीटाफ्लाइटमध्ये (ड्रोनच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) एकेक मोटर फिरवून बघा: १ मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी, ४ पुढची डावी. दिशा नुसत्या डोळ्यांना कळत नाही. फिरत्या मोटरच्या कडेला कागदाची पट्टी हलकेच टेकवा, ती ज्या बाजूला ओढली जाते ती दिशा. पंख्याची वरची कड त्याच दिशेला पुढे हवी.

आणि फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की मोटरी आपोआप थांबण्याची सोय, तीही तपासा! पंखे नसतानाच आर्म करून (मोटरी सुरू करून) रिमोट बंद करा, मोटरी थांबल्याच पाहिजेत. माझ्या मुलाच्या बोटाला चार टाके पडलेत, म्हणून कळकळीने सांगतोय.