मदत हवी आहे: सरपंचपदाची बोली लागतेय, "आमचं अजून ठरलं नाही" म्हणणाऱ्या बायांना कसं समजावू?

घाटंजीकर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कोणाची बदनामी करायची नाही.

आमच्या ग्रामपंचायतीची मागची निवडणूक जानेवारी २०२१ ला झाली. तेव्हा थेट सरपंचाची पद्धत सरकारने बंद केली होती, सदस्यांनी आपल्यातूनच सरपंच केला. २०२२ ला कायदा पुन्हा बदलला. म्हणजे सरपंच कोण हे प्रत्येकाच्या मतावर ठरायची वेळ आमच्या गावात पहिल्यांदाच येतेय.

आणि नेमकं आत्ताच पारावर बोलणं सुरू झालंय की निवडणूक नकोच. देवळाच्या सभामंडपासाठी जो सगळ्यात जास्त पैसा देईल तो सरपंच. बाकीच्यांनी फॉर्म भरायचे नाहीत, भरले तर मागे घ्यायचे. भांडण नाही, खर्च नाही, वरून देवाचं काम. ऐकायला इतकं चांगलं वाटते म्हणूनच मला घोर लागलाय.

ज्यांचं कोणाला द्यायचं ते पक्कं आहे, ते आपापल्या गटात बोलतीलच. मला काळजी आमच्या बचत गटातल्या बायांची आहे. त्यातल्या बऱ्याच जणींचं काहीच ठरलेलं नाही. मागच्या मीटिंगला विषय निघाला तर एक काकू म्हणाल्या, "कोनीबी येऊ दे वं, आपल्याले का फरक पडते? नळाले पानी तं तसंबी आठ दिवसानंच येते. लिलाव झाला तं देऊळ तरी होईन." बाकीच्यांनी माना हलवल्या.

माझं म्हणणं असं आहे. ज्याचं मत पक्कं आहे त्याच्याजवळ मतापलीकडेही काहीतरी असते: भावकी, नेत्याचा फोन नंबर, ठेकेदाराची ओळख. निवडणूक झाली काय, न झाली काय, त्याचं काम अडत नाही. ज्या बाईचं ठरलेलं नाही तिच्याजवळ एकच गोष्ट असते, ती अजून कोणाची झालेली नाही. उमेदवार तिच्या दारात येतो, पाच मिनिटं ऐकून घेतो, ते तेवढ्यासाठीच. बोली लागली की तिच्या दारात यायचं कोणाला काही कारणच उरत नाही.

पण हे बायांपुढे मांडायचं कसं? भाषण ठोकायचं नाही. आणि अशी बोली कायद्यात बसते का, तक्रार करायची तर कोणाकडे, हेही कोणी सांगा.

पांदणवाला

ताई, तुमची कळकळ समजली, पण दुसरी बाजूही ऐका. मी दारव्ह्याकडचा. आमच्या गावात एका निवडणुकीपायी दोन घरं आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पराटीला पाणी द्यायच्या पाळीवरून डोकी फुटायची वेळ आली होती. गावाने बसून एकमताने माणूस निवडला तर त्यात वाईट काय? सगळंच बिनविरोध म्हणजे चोरी नसते.

केंद्राध्यक्ष_निवृत्त

पांदणवाला भाऊ, एकमत आणि बोली यात फरक आहे. गाव बसलं, नावं आली, लोकांनी एका माणसावर विश्वास टाकला, बाकीच्यांनी आपल्या खुशीने माघार घेतली, त्याला कोणाचीच हरकत नाही. बोलीत विश्वास कोणावर आहे हे विचारलंच जात नाही, खिसा किती मोठा आहे एवढंच विचारतात. भूमिहीन बाई, मजुरीवाला पोरगा त्या बैठकीत बसूच शकत नाही, त्याच्या नावाचा विचार तर लांबच.

घाटंजीकर ताई, आता कायद्याचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६९ प्रमाणे निवडणुकीचा हक्क म्हणजे फक्त मत देणं नाही. उभं राहणं, न राहणं, अर्ज मागे घेणं हेही त्यात येते. त्या हक्कासाठी कोणाला मोबदला देणं किंवा घेणं ही कलम १७० प्रमाणे लाच. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. देणारा आणि घेणारा दोघंही त्यात सापडतात.

आणि हे नुसतं पुस्तकातलं नाही. तुमची निवडणूक झाली त्याच जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या बातम्या आल्या. तिथेही देवळाच्या कामाचंच नाव पुढे होतं. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. ग्रामपंचायतीची निवडणूक दिल्लीचा आयोग घेत नाही, राज्य आयोग घेतो, म्हणून तक्रार तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि राज्य आयोगाकडेच करा. एकटीच्या नावाने करू नका, सात-आठ जणींच्या सह्या घ्या. कोण, कुठे, कोणत्या तारखेला काय बोललं ते लिहा. मोबाईलवर निरोप फिरत असेल तर तो जपून ठेवा.

बायांना सांगायला माझ्याजवळ एक प्रसंग आहे. मी शिक्षक होतो, मतदान केंद्रावर कैकदा ड्युटी केली. एका विधानसभेला दुपारी चारच्या सुमारास एक आजी आल्या. सकाळपासून ठरत नव्हतं म्हणून उशीर झाला, असं स्वतःच म्हणाल्या. यादीत पाहिलं तर त्यांच्या नावावर आधीच खूण झालेली, म्हणजे त्यांच्या नावाने कोणीतरी मत देऊन गेलेलं. ओळखपत्र तपासलं, बाई खऱ्याच. नियमाप्रमाणे मी त्यांना कागदी मतपत्रिका दिली, त्याला प्रदत्त मत म्हणतात. त्यांनी शिक्का मारला, घडी घातली, मी ती पाकिटात ठेवली. मग विचारलं त्यांनी, "गुरुजी, हे मोजतेत का?" मला खरं सांगावं लागलं की नेहमीच्या मोजणीत मोजत नाहीत, कोर्टाने सांगितलं तरच. त्या काही बोलल्या नाहीत, कागदाकडे पाहत उभ्या राहिल्या.

बोगस मतदान करणारा कोणाचं नाव शोधतो? जो सकाळी सात वाजता रांगेत असतो त्याचं नाही. जो अजून आला नाही त्याचं. ज्याचं ठरलेलं नसते तोच उशिरा येतो किंवा येत नाही. निवडणुकीत गडबड होते तेव्हा पहिला फटका त्यालाच बसतो. "आपल्याले का फरक पडते" म्हणणाऱ्या काकूंना एवढं सांगा.

वर्धाकाठ

मी राजुऱ्याकडची. गुरुजींनी म्हटलं ते मतदार यादीलाही लागू होते. २०२४ च्या विधानसभेआधी आमच्या राजुरा मतदारसंघात नवीन मतदार नोंदणीचे साडेसहा हजारांहून जास्त ऑनलाइन अर्ज तपासणीत खोटे निघाले. ते बाद झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. पुढे त्यावरून राजकारण पेटलं, त्यात मला पडायचं नाही. एवढंच सांगते की अर्ज पकडले गेले ते कोणीतरी घरोघर जाऊन पाहिलं म्हणून. बायांना आपली नावं यादीत आहेत का ते आत्ताच पाहायला लावा. मतदानाच्या दिवशी बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, शोधत फिरून काही होत नाही.

आणि एका मताने काय होते म्हणत असतील तर साकोलीचं सांगा. भंडारा जिल्हा, २०२४ ची विधानसभा, निकाल २०८ मतांनी लागला. एका मतदान केंद्रावर हजाराच्या आसपास नावं असतात. एवढ्या मोठ्या मतदारसंघाचा निकाल एका केंद्राच्या पाव हिश्श्यात फिरला असता. कोण जिंकलं ते बाजूला ठेवा. त्या २०८ मध्ये आदल्या रात्रीपर्यंत न ठरवलेले किती असतील, याचा विचार करा.

घाटंजीकर

गुरुजी, ताई, मनापासून आभार. पांदणवाला भाऊ, तुमचाही मुद्दा मी सोडत नाही. गावात भांडण नको हे बायांनाही वाटतेच, त्यामुळे एकमत आणि बोली यातला फरक आधी सांगावा लागेल.

काल त्या काकूंकडे गेली होती. आजींचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "बाजार समितीत आपल्या कापसाची बोली लागते तं पैसा आपल्या हातात येते. इथं मत आपलं, अन् पैसा कोनाचा?" मला इतकं सोपं सुचलं नव्हतं. गटात त्यांनाच बोलायला सांगणार आहे.

एक गोष्ट मला स्वतःला पटली ती अशी. यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक बसले. सुप्रीम कोर्टाला ६ मे २०२५ रोजी आदेश द्यावा लागला की राज्यातल्या रखडलेल्या निवडणुका घ्या. त्या सगळ्या काळात शाळेचं छप्पर गळत असलं तर सदस्य म्हणून विचारायला कोणी नव्हतं. निवडणूक नसली की काय होते हे आम्ही पाहिलेलं आहे, बायांना फक्त आठवण द्यायची आहे.

अजून एक विचारते. कोणीच उमेदवार पसंत नसेल त्या बाईने काय करायचं?

केंद्राध्यक्ष_निवृत्त

नोटा. म्हणजे यंत्रावरचं "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण. कोणीच पसंत नसेल तर तिने ते दाबायचं. पण त्यासाठी मतदान व्हायला पाहिजे. एकच अर्ज उरला की यंत्र लागतच नाही, मग नोटाचं बटणही नाही. "मला कोणीच नको" हे सांगायचा हक्कसुद्धा बोलीत जातो. हे बायांना नक्की सांगा. ज्यांचं ठरलेलं नाही त्यांना ते लवकर कळेल.

घाटंजीकर

हे मला माहीतच नव्हतं गुरुजी. शुक्रवारी गटाची मीटिंग आहे, तिथे सह्या घेते. तहसीलदारांना द्यायच्या तक्रार अर्जाचा मराठीतला नमुना कोणाजवळ असेल तर इथेच टाका, म्हणजे दुसऱ्या गावालाही कामी येईल.