निळ्या काचेत रंग येतो कुठून? जुनं तावदान फुटलंय, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, आम्ही गिरगावात जुन्या चाळीत राहतो, दारावर अर्धगोल कमान आहे आणि तिच्यात लाल, हिरवी, निळी तावदानं. दुपारी चारच्या सुमारास ऊन आलं की शहाबादी फरशीवर निळा पट्टा पडायचा, लहानपणी आम्ही सगळी पोरं त्यात हात धरून बसायचो. मागच्या आठवड्यात प्लास्टरचं काम चालू असताना नेमकं तेच फुटलं, आईचा चेहरा बघवत नव्हता.

काचवाल्याकडून नवी निळी काच आणून बसवली पण उजेड फिकट पडतोय, तो रंगच नाही. मग जुना तुकडा आणि नव्यातली उरलेली पट्टी शेजारी ठेवून बघितली. नवीची कड नेहमीच्या काचेसारखी हिरवट, कोपरा नखाने खरवडला तर निळं सालपट निघालं. जुन्याची कड शाईच्या दौतीसारखी, जवळजवळ काळी. म्हणजे रंग आतपर्यंत गेलेला आहे ना? हा आत जातो कसा, आणि अशी काच मुंबईत मिळेल का?

प्रतिसाद:
नव्यावर फिल्म चिकटवलीय. तुमची जुनी बहुतेक कोबाल्टची असणार. वाळू, सोडा, चुना भट्टीत वितळवतानाच कोबाल्ट ऑक्साइड टाकतात आणि ते सगळ्या रसात विरघळतं. लागतं अगदी थोडं, हजार किलोला एक किलोही गडद निळ्याला पुरतं. ते उजेडातला पिवळा, नारिंगी भाग शोषून घेतं, निळा सोडतं. कडेतून बघताना उजेडाला जास्त काच ओलांडावी लागते म्हणून काळपट दिसते. तांब्यानेही निळा येतो पण तो फिरोजी. इजिप्तमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीही कोबाल्टची काच होती, पण हा रंग कोबाल्टचाच हे स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांटने दाखवलं ते १७३५ च्या सुमारास.

घरी तपासता येईल. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाका, ज्योत पिवळी होते ती मिठातल्या सोडियममुळे. कोबाल्टच्या गडद काचेतून बघितलं तर तो पिवळा जवळजवळ नाहीसा होतो, कॉलेजच्या लॅबमध्ये पोटॅशियमची जांभळट ज्योत बघायला हीच काच धरायचो. तुकड्याच्या कडांना आधी टेप लावा पण, हात कापेल.

काच चोर बाजारात मटण स्ट्रीटला शोधा, जुन्या सामानात रंगीत तावदानांची दारं-खिडक्या मिळू शकतात. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. मापाचा पुठ्ठा कापून न्या आणि तिथे आधी कड बघा.

धागाकर्ता:
खूप खूप आभार! आत्ताच केलं, आईने मीठ टाकलं, मी तुकडा धरला, जुन्यातून पिवळा खरंच गेला हो, नव्या पट्टीतून मात्र दिसत राहिला. आईने तीनदा करायला लावलं. पुठ्ठा कापून ठेवलाय, शनिवारी जातो, आईही येतेय म्हणाली, रंग तीच ओळखेल.