अनुभव धागा: रजेच्या अर्जावर कुठला आजार लिहिलात?

सायलीची आई
काल जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांच्या निवृत्तीचे फोटो आले. शाल, श्रीफळ, "पितृतुल्य मार्गदर्शक" वगैरे. बघून पोटात गोळाच आला. ह्याच माणसाने केबिनचं दार उघडं ठेवून मला विचारलं होतं, "डिप्रेशन म्हणजे नक्की काय होतं तुम्हाला? टेन्शन कोणाला नसतं?" तेव्हा मी एकच मेल तासभर वाचत बसायचे. अक्षरं दिसायची, डोक्यात शिरायची नाहीत. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं, पावडर लावून परत जागेवर. पुढची रजा मी कावीळ सांगून घेतली, तर साहेबांनी घरी शहाळी पाठवली! तुमच्यापैकी कोणाला असं करावं लागलंय? कसं निभावलंत?

मिसळपंथी
शहाळी 😂 सॉरी, हसायला नको. मी स्लिप डिस्क सांगितलेली. मग परत गेल्यावर कमरेला पट्टा बांधून बसावं लागलं, तेही मे महिन्यात.

वाचनमात्र
शाळेत आहे. स्टाफरूममध्ये कळलं की गावात कळलं. गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत ठेवते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे काही फरक नाही, उलट मळमळ नि तोंड कोरडं, त्यात पेपर तपासणी. मुख्याध्यापक म्हणे ध्यान करा. करते की, पण गोळीही घेते. कुकर झाला, नंतर येते

गोदाकाठ
मी खरं कारण सांगितलं होतं. एचआरने प्रिस्क्रिप्शन मागून घेतलं, संध्याकाळपर्यंत मॅनेजरला माहीत. "तुझ्यावर लोड नको" म्हणून प्रोजेक्ट काढला आणि अप्रेझलला विचारतात, वर्षभर केलंस काय? नंतरच्या डॉक्टरबाईंनी दाखल्यावर फक्त "वैद्यकीय कारणास्तव विश्रांतीची गरज" एवढंच लिहिलं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार काही अपवाद सोडले तर डॉक्टर आपल्या संमतीशिवाय माहिती बाहेर देऊ शकत नाहीत. तेव्हा दाखला घेतानाच बोलून घ्या.

टवाळ
विम्याचंही त्यातच आहे ना?

गोदाकाठ
हो, कलम २१. इतर आजारांसारखाच विमा द्यायचा. पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झालात तरच उपयोगी, समुपदेशनाची फी आपल्याच खिशातून.

हप्तेबहाद्दर
राजीनामा देऊन मोकळे व्हा म्हणणाऱ्यांनी माझा होमलोनचा हप्ता भरावा. बाकी चालू द्या.

रातपाळी
मी नर्स. वॉर्डात नातेवाइकांना आम्हीच समजावतो, "हा आजार आहे, नाटक नाही." आणि ड्युटी लावणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, "तूच असं केलंस तर कसं?" नाइट बदलून मागितल्या, नाही मिळाल्या. जागरणाने सगळं आणखी वाढायचं. शेवटी एका सीनियर ताईने मॅडमना आपणच गळ घालून तिच्या मॉर्निंग मला दिल्या, माझ्या नाइट स्वतः केल्या. कारण विचारलं नाही. डब्यात माझ्यासाठी एक पोळी जास्त असायची तेवढंच. अडीअडचणीला १४४१६ लक्षात ठेवा, टेली-मानस. सरकारी आहे, फुकट, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

सायलीची आई
@रातपाळी त्या ताईंना माझा नमस्कार सांगा गं.

वाचनमात्र
आले. डाळ करपली. @गोदाकाठ, दाखल्याचं बरं सांगितलंत, पुढच्या वेळी विचारते.

मिसळपंथी
पट्ट्याखाली आलेल्या घामोळ्यांचं मात्र कोणी विचारत नाही.

आजी ऑनलाइन
मुलतानी माती लाव गुलाबपाण्यात. आणि पट्टा आहे का रे अजून? माझी कंबर खरीखुरी गेली आहे.