जिलेटिनच्या ठोकळ्यावरून गोळीची लायकी ठरते का?

गिरगावकर:
काल येथे एका सदस्याने गोळ्यांच्या चाचणीची चित्रफीत दाखवून ठामपणे लिहिले की मांसाऐवजी वापरलेल्या पारदर्शक ठोकळ्यात जी गोळी सर्वांत खोल जाते तीच उत्तम, आणि परवानाधारकांचे .३२ (गोळीचा व्यास, इंचांत) रिव्हॉल्व्हर म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू. गप्प बसवले नाही म्हणून सविस्तर लिहितो. तो ठोकळा जिलेटिनचा नव्हताच. तो खोलीच्या तापमानाला टिकणारा, वितळवून पुन्हा वापरता येणारा कृत्रिम पदार्थ होता. गोळीच्या जखमांचा अभ्यास करणारे लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत बसवलेली पद्धत अशी की वजनाने १० टक्के जिलेटिनचा ठोकळा ४ अंश सेल्सिअसला ठेवावा, आधी त्यात एक पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारावा, आणि तो ८.५ सेंटीमीटरच्या आसपास थांबला तरच पुढची गोळी झाडावी. ही पडताळणी नसताना दोन ठोकळ्यांतले आकडे शेजारीशेजारी मांडणे ही फसवणूक आहे. शिवाय 'जितकी खोल तितकी चांगली' हेही चूक, कारण अमेरिकेची तपाससंस्था एफबीआयची अपेक्षा १२ ते १८ इंचांची आहे. त्यापुढे गेलेली गोळी मागच्या माणसाला लागते.

माहीमचा नेमबाज:
लेख विद्वत्तापूर्ण आहे, परंतु माणूस म्हणजे एकजिनसी ठोकळा नव्हे. त्याला बरगड्या असतात, कातडी असते, हवेने भरलेली फुप्फुसे असतात. ज्या १२ इंचांचा आपण जप करता, त्यांचा उगम एफबीआय आणि बँक लुटारूंच्या १९८६ च्या मायामी चकमकीत आहे. तेथे ९ मिमीची एक गोळी प्लॅट या गुन्हेगाराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोहोचली नाही, आणि सारे खापर त्या गोळीवर फुटले. प्लॅटच्या हाती रायफल होती आणि बहुतेक एजंटांपाशी हातातली लहान शस्त्रे, हे मात्र कोणी बोलत नाही. पुढे एफबीआय १० मिमीकडे गेली, मग .४० कडे, आणि अखेर पुन्हा ९ मिमीवर आली. ठोकळ्याने एवढे ज्ञान दिले असेल तर ही प्रदक्षिणा कशासाठी?

गिरगावकर:
कारण मधल्या काळात गोळ्या सुधारल्या, आणि त्या सुधारल्याचे त्याच ठोकळ्याने दाखवले! ठोकळा म्हणजे शरीर, असे मी कोठे म्हटले? तो तुलनेचे साधन आहे. वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये, ही नम्र विनंती.

पार्ल्याची फॉरेन्सिकवाली:
दोघांनीही कधी ठोकळा केलेला दिसत नाही. आम्ही शिकत असताना मे महिन्यात केला होता. मिश्रण जास्त तापले की जिलेटिनची ताकद जाते, हे आम्हांला तो फुकट गेल्यावर कळले. दुसरा ठोकळा फ्रिजमधून काढून मांडेपर्यंत बाहेरून घामेजला होता, आणि वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत '४ अंश' हे केवळ वहीत उरले. आणखी एक गोष्ट अशी की फितीत दिसणारा तो भव्य फुगारा ही तात्पुरती पोकळी असते. पिस्तुलाच्या वेगाला लवचिक ऊती बव्हंशी ताणून परत जागेवर येतात. इजा मुख्यतः गोळीने प्रत्यक्ष चिरडलेल्या मार्गात होते. लोक मात्र फुगारा पाहून गोळी निवडतात.

घाटकोपरचे काका:
निवडतात कोठून? येथे ९ मिमी सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. आम्ही परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीचे उंबरठे झिजवतो, आणि तुम्ही आम्हांला न मिळणाऱ्या काडतुसांवर भांडता.

माहीमचा नेमबाज:
काका, ते गाऱ्हाणे रास्त आहे, पण ते येथे नको. ताई, फुगाऱ्याचे पटले. तथापि एफबीआयच्या चाचणीत ठोकळ्यापुढे जाड हिवाळी कपडे टांगतात. मुंबईत सुती सदरा घालणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

पार्ल्याची फॉरेन्सिकवाली:
कापडाने होलो पॉइंटचे, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या आणि लागताच फुलणाऱ्या गोळीचे, तोंड बुजले की गोळी फुलत नाही आणि एफएमजेसारखी, म्हणजे धातूच्या कवचातल्या न फुलणाऱ्या गोळीसारखी, खोल जाते. जुलैत रेनकोट आणि जीन्स आपणही घालतच असाल.

दादरचा प्रवासी:
मूळ प्रश्न तोच आहे! संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर पोलिसाने एफएमजे झाडली, तर ती एका माणसात थांबेल याची हमी कोण देईल? म्हणून फुलणारी गोळी पोलिसांना हवी.

घाटकोपरचे काका:
फुलणारी गोळी १८९९ च्या हेग घोषणेने निषिद्ध केली आहे. ती वस्तू आपल्याच कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात .३०३ रायफलीसाठी जन्माला आली, हे तरी ठाऊक आहे काय?

दादरचा प्रवासी:
ती घोषणा युद्धापुरती आहे, काका; पुलावर युद्ध चाललेले नसते. दमदमची गोळी रायफलची होती, आणि आपण पिस्तुलाविषयी बोलत आहोत.

घाटकोपरचे काका:
सैनिकाला जी क्रूर ठरते ती नागरिकाच्या छातीत दयाळू कशी होते? माझ्या मेहुण्याच्या मांडीतून एकदा चुकून सुटलेली गोळी आरपार गेली आणि तो आजही चालतो. ती आत फुलली असती तर?

गिरगावकर:
आरपार गेलेली ती गोळी पुढे कोणाला लागली नाही, हे आपल्या मेहुण्यांचे आणि शेजाऱ्यांचे नशीब. एका मांडीवरून धोरण ठरवता येत नाही.

घाटकोपरचे काका:
आणि एका ठोकळ्यावरून ठरवता येते! उत्तम.

माहीमचा नेमबाज:
छर्‍याने पडताळणी न केलेल्या ठोकळ्याचे आकडे मी यापुढे मानणार नाही. एवढे आपले मान्य, गिरगावकर, आता पेढे वाटा. पण .३२ चा बचाव आपण अद्याप केलेला नाही.

गिरगावकर:
करणारही नाही. तिची ऊर्जा ९ मिमीच्या निम्म्याहून कमी, आणि साधी शिशाची गोलतोंडी गोळी त्या वेगाला सहसा फुलत नाही. मात्र हे सांगायला पडताळलेला ठोकळा हवा, कालच्या फितीतला नव्हे.